बाळ एका इस्पितळात, बाळंतीण दुसऱ्यात

बाळंतपण पार पडले म्हणजे स्त्रीचा दुसरा जन्म झाला, असे आपल्याकडे पूर्वापार मानले जाते. या समजुतीत स्त्रियांच्या कित्येक पिढ्यांचा अनुभव साठलेला आहे. मात्र बाळंतपण नेमके केव्हा पार पडले म्हणावयाचे, याविषयी घरोघरी एक गैरसमज आढळतो. बाळ रडले, वार पडली, की संकट टळले असे धरून चालण्याची रीत आहे. वैद्यकशास्त्र मात्र प्रसूतीनंतरचे ४२ दिवस सूतिकाकाल म्हणून गणते आणि मातेच्या जिवाला असलेला धोका या संपूर्ण काळात कमीअधिक प्रमाणात कायम असतो असे सांगते. जुन्या जाणत्या स्त्रिया सव्वा महिना म्हणत. त्यांचा हिशेब शास्त्राच्या हिशेबापासून फार दूर नव्हता.

या सव्वा महिन्याची आपली सारी व्यवस्था एका गृहीतावर उभी होती. बाळंतिणीची खोली, बाज, शेक-शेगडी, तेल लावायला येणारी बाई, पेज आणि लाडू, पाचवी-सटीची पूजा, या सर्वांत आई आणि मूल एकाच जागी आहेत असे धरलेले असे. मुलाकडे पाहणारे डोळे आपोआप आईकडेही पाहत. मूल दिवस भरण्यापूर्वीच जन्मले, त्याला काचेच्या पेटीत ठेवावे लागले आणि आई मात्र दुसऱ्याच वॉर्डात किंवा दुसऱ्याच गावी राहिली, तर काय करावे, याचे उत्तर परंपरेत नाही. कारण पूर्वी असे मूल बहुधा वाचतच नसे.

गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांत हा प्रश्न विशेष जाणवण्यासारखा आहे. पेडणे हा महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून असलेला तालुका. एका अंगाला तेरेखोल नदी, दुसऱ्या अंगाला शापोरा. शिवोली-चोपडे पूल होण्यापूर्वी त्या मार्गाने म्हापशास जाणाऱ्यास फेरीबोटीची वाट पाहावी लागे. तेरेखोल गाव तर नदीच्या पलीकडच्या काठावर असल्याने केरीहून तेथे जाण्यासाठी फेरीबोटच घ्यावी लागते. डिचोली तालुक्यात साखळी, मये यांसारखी मोठी गावे आहेत, तसेच डोंगरउतारांवर विखुरलेले वाडेही आहेत. दोन्ही तालुक्यांच्या ठिकाणांहून बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय पस्तीस किलोमीटरांच्या आसपास पडते. नकाशावर हे अंतर मोठे नाही. नुकतेच पोटावर टाके पडलेल्या स्त्रीला ते किती मोठे आहे, हे तिलाच ठाऊक असते.

गेल्या काही दशकांत येथील परिस्थिती पालटली आहे. गावची वैजीण मागे पडली आणि आज गोव्यात जवळजवळ सर्वच प्रसूती इस्पितळात होतात. आरोग्य केंद्रे, म्हापशाचे जिल्हा इस्पितळ व बांबोळीचे महाविद्यालय अशी साखळी उभी आहे, आणि २००८ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवाही आहे. सीमेपलीकडील सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ले भागांतील रुग्णही बांबोळीसच धाव घेतात. या प्रगतीमुळे बत्तीसाव्या आठवड्यात जन्मलेले, दीड किलोहून कमी वजनाचे मूलही आज वाचू शकते. परंतु त्याच प्रगतीमुळे माता व बालक यांची ताटातूट हा प्रकार नव्यानेच कुटुंबांसमोर आला आहे.

पुढील प्रसंग कल्पिलेला आहे. तथापि त्यातील एकही गोष्ट अपवादात्मक नाही. पेडणे तालुक्यातील एका आतल्या गावची गर्भवती. तिला आठवा महिना लागला आहे. पायांवर सूज होती, ती 'या दिवसांत असतेच' म्हणून सोडून दिली गेली. एका सायंकाळी डोके असह्य दुखू लागले. आरोग्य केंद्रात रक्तदाब १६० वर ११० निघाला. तिला म्हापशाला हलवले, तेथे त्याच रात्री शस्त्रक्रिया करावी लागली. बाळ चौदाशे ग्रॅम वजनाचे. त्याला श्वासासाठी यंत्राची गरज भासली म्हणून पहाटे बांबोळीला नेले. पती बाळाबरोबर गेला. सासू सुनेजवळ राहिली. सकाळपासून नातेवाइकांचे फोन सुरू झाले. प्रत्येकाचा प्रश्न एकच: बाळ कसे आहे? बाळंतिणीचे डोके अजूनही दुखत होते, हे त्या दिवशी कोणी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही.

एक कारण, दोन रुग्ण

दिवस भरण्यापूर्वी, म्हणजे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेली प्रसूती ही अकाली प्रसूती होय. तिची कारणे अनेक आहेत. गर्भावस्थेत रक्तदाब वाढणे, गर्भजल आधीच जाणे, जंतुसंसर्ग, वार सुटून रक्तस्राव होणे, जुळे असणे ही त्यांपैकी प्रमुख. या यादीकडे लक्षपूर्वक पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. यांपैकी बहुतेक कारणे बाळाला लवकर बाहेर आणतात आणि त्याच वेळी मातेलाही आजारी करतात. म्हणजेच ज्या घरात मूल पेटीत आहे, त्या घरातील बाळंतीण इतर बाळंतिणींपेक्षा अधिक धोक्यात असण्याचा संभव असतो. प्रत्यक्षात मात्र नेमके त्याच घरात तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. या लेखाचा हेतू या विसंगतीकडे लक्ष वेधणे हाच आहे.

रक्तदाबाचे उदाहरण घेऊ. वार बाहेर पडली की रक्तदाब उतरतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पुष्कळ स्त्रियांत प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या दरम्यान रक्तदाब पुन्हा चढतो. इस्पितळातून घरी सोडण्याचे दिवसही नेमके हेच असतात. या काळात तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, छातीखाली उजव्या बाजूस दुखणे, ओकाऱ्या ही चिन्हे दिसली तर झटके येण्याची ती पूर्वसूचना समजावी. गरोदरपणी कधीही झटके न आलेल्या स्त्रीला प्रसूतीनंतर प्रथमच ते येऊ शकतात. ग्रामीण भागात अशा झटक्यांना बाहेरची बाधा समजून अंगारा-धुपारा केला जाई. त्यात तास निघून जात. या आजारावर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त व सुलभ औषध आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, ३३ देशांतील दहा हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचणीत या औषधाने झटक्यांचे प्रमाण निम्म्याहूनही खाली आणल्याचे सिद्ध झाले. अट एवढीच की रुग्ण वेळेवर पोहोचली पाहिजे.

दुसरे संकट रक्तस्रावाचे. दिवस भरत आलेल्या स्त्रीच्या गर्भाशयाकडे दर मिनिटाला अर्ध्या लिटराहून अधिक रक्त वाहत असते. प्रसूतीनंतर गर्भाशय घट्ट आवळले जाते व रक्तवाहिन्यांची तोंडे बंद होतात. ते आवळले गेले नाही तर काही मिनिटांतच जीव धोक्यात येतो, मग ती स्त्री झोपडीतील असो वा राजवाड्यातील. मुमताजमहलचा १६३१ साली बऱ्हाणपूर येथे बाळंतपणातच अंत झाला. आज पोटावरून गर्भाशय चोळणे, ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन, शिरेतून सलाइन, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड असे उपाय तात्काळ एकापाठोपाठ योजले जातात. यांपैकी शेवटचे औषध तीन तासांच्या आत दिले तरच गुणकारी ठरते, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसून आले. पहिल्या चोवीस तासांनंतरही, घरी आल्यावर, अंगावरून पुन्हा जाऊ लागते असे घडते. तासाभरात एक घडी पूर्ण भिजत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील किंवा उभे राहताच चक्कर येत असेल, तर ते 'साफ होणे' नव्हे. आधीच पंडुरोगाने अंगात रक्त कमी असलेल्या स्त्रीला थोडाही रक्तस्राव सोसत नाही.

ज्वराचा इतिहास तर फार बोधप्रद आहे. १८४७ साली व्हिएन्नातील इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून थेट प्रसूतिगृहात येणाऱ्या विद्यार्थ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे भाग पाडले, आणि सूतिकाज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंची कल्पना तेव्हा रूढ झालेली नव्हती. त्यामुळे त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याची उपेक्षाच केली. आज प्रतिजैविके उपलब्ध आहेत, तरी हा रोग नाहीसा झालेला नाही. अंगात १००.४ अंश फॅरनहाइटपेक्षा अधिक ताप, ओटीपोटात कळा, स्रावाला दुर्गंधी, टाक्यांतून पू यांपैकी काहीही दिसल्यास 'दूध भरल्याचा ताप' म्हणून घरी स्वस्थ बसू नये. अभिनेत्री स्मिता पाटील यांचे १३ डिसेंबर १९८६ रोजी मुंबईत वयाच्या अवघ्या ३१ व्या वर्षी निधन झाले. पुत्रजन्मानंतर जेमतेम दोन आठवडे लोटले होते आणि बाळंतपणानंतर उद्भवलेल्या आजारानेच त्यांचा घास घेतला. मोठे शहर, नामवंत इस्पितळे, सर्व साधने हाताशी असतानाही हे संकट येऊ शकते, ही गोष्ट त्या वेळी साऱ्या महाराष्ट्राला चटका लावून गेली.

पायाच्या पोटरीत एकाच बाजूस सूज व दुखणे, अथवा एकाएकी धाप लागणे हे रक्ताची गुठळी झाल्याचे लक्षण असू शकते. दम लागणे व आडवे होता न येणे हे हृदयाच्या दुर्बलतेचेही लक्षण असते. दोन्हींसाठी विनाविलंब इस्पितळ गाठावे.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५-९६ मध्ये गावोगावी घरी जाऊन ७७२ बाळंतिणींची पाहणी केली. प्रसूतीच्या वेळी उद्भवलेल्या विकारांचे प्रमाण १७.७ टक्के, तर प्रसूतीनंतरच्या विकारांचे ४२.९ टक्के आढळले. तो प्रदेश, तो काळ आणि ती घरगुती बाळंतपणे यांची आजच्या गोव्याशी तुलना करता येणार नाही. परंतु आकडे पाहता एक गोष्ट लक्षात येते. आपण सारी सावधगिरी प्रसूतीच्या घटकेसाठी राखून ठेवतो. दुखणी मात्र त्यानंतर अधिक येतात.

दुधाचा प्रश्न

मूल दूर असताना आईला 'आता तुझे काही काम नाही, तू विश्रांती घे' असे सांगितले जाते. हा सल्ला प्रेमाचा असला तरी चुकीचा आहे. अकाली जन्मलेल्या अर्भकाला आईच्या दुधाची गरज पूर्ण दिवसांच्या मुलापेक्षाही अधिक असते. त्याच्या नाजूक आतड्यांना होणाऱ्या प्राणघातक विकारापासून ते दूध त्याचे रक्षण करते. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा पिवळसर चीक तर औषधासमान आहे. मूल छातीशी नाही, म्हणून दूध हाताने काढावे लागते. आईची प्रकृती स्थिर होताच, शक्य तर पहिल्या सहा तासांतच, त्यास प्रारंभ करावा आणि दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दिवसातून आठ वेळा तरी काढावे. पहिल्या दिवशी चमचाभरही निघत नाही, यात नवल नाही. एवढ्याशा जिवाला सुरुवातीस पाजतात तेच मुळी थेंबांच्या मापाने. स्वच्छ धुतलेल्या हातांनी, उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात दूध घ्यावे, त्यावर आईचे नाव, दिनांक व वेळ लिहावी. खोलीत ते चार तास, शीतकपाटात चोवीस तास चांगले राहते. दुसऱ्या गावी न्यावयाचे असल्यास बर्फ घातलेल्या डब्यातून न्यावे. म्हापशाहून बांबोळीला रोज जाणाऱ्या पित्याच्या हातात फळांच्या पिशवीऐवजी हा डबा असावा.

औषधे चालू असल्याने दूध देऊ नये, अशी भीती अनेक घरांत असते. रक्तदाबाची नित्याची औषधे, मॅग्नेशियम सल्फेट, बहुतेक प्रतिजैविके यांमुळे दूध बंद करावे लागत नाही. अंतिम निर्णय डॉक्टरांचा. पण तो त्यांना विचारून घ्यावा, शेजारणीला विचारून नव्हे.

काही वेळा प्रयत्न करूनही दूध येत नाही. अतिशय रक्तस्राव झालेल्या स्त्रीच्या बाबतीत याला एक विशेष कारण असू शकते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीला रक्तपुरवठा न झाल्यास ती निकामी होते. मग दूध उतरत नाही, पाळी परत येत नाही, सतत थकवा व थंडी वाजते. डॉ. हॅरल्ड शीहान यांनी १९३७ साली या विकाराचे वर्णन केले. अशी स्त्री वर्षानुवर्षे 'आळशी' म्हणून बोल खात राहते, कारण दुखण्याचे मूळ त्या बाळंतपणात आहे हे कोणाच्या ध्यानी येत नाही. खूप रक्त गेले होते आणि दूध आलेच नाही, या दोन गोष्टी एकत्र सांगितल्या तर डॉक्टर योग्य तपासणी करू शकतील. गोळ्यांनी हा विकार आटोक्यात राहतो.

ज्या बाळांना आईचे दूध मिळू शकत नाही त्यांच्यासाठी मातृदुग्धपेढीची सोय असते. अशी पेढी मुंबईतील शीव येथील लोकमान्य टिळक इस्पितळात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. आशिया खंडातील ती पहिली मानली जाते. दान मिळालेले दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर अर्धा तास तापवून निर्जंतुक केले जाते.

भेट

काचेची पेटी ही फ्रान्सची देणगी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील स्तेफान तार्निये यांनी कोंबडीची अंडी उबविण्याच्या यंत्रावरून तिची कल्पना घेतली. त्यांचे शिष्य प्येर ब्युदँ यांना लवकरच तिचा एक दोष दिसून आला. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी नमूद केले की, ज्या मातांना मुलापासून दूर ठेवले गेले, त्यांची त्या मुलाविषयीची ओढ हळूहळू ओसरत जाते. म्हणून त्यांनी मातांना इस्पितळात बोलावून घेण्याचा आग्रह धरला. विसाव्या शतकात मात्र संसर्गाच्या भीतीने काचेच्या भिंती पुन्हा उंचावल्या, आणि आईने मूल खिडकीतून पाहावे हाच नियम ठरला.

त्या भिंतीला पहिली मोठी खिंड १९७८ साली कोलंबियाची राजधानी बोगोता येथे पडली. तेथील इस्पितळात पेट्या अपुऱ्या होत्या. एकेका पेटीत दोन-तीन मुले ठेवावी लागत. डॉ. एद्गार रेय यांनी व पुढे डॉ. एक्तोर मार्तीनेस यांनी लहान अर्भकांना मातेच्या उघड्या छातीशी उभे बांधून ठेवण्याची पद्धत सुरू केली. पोटाच्या पिशवीत पिलू वागवणाऱ्या कांगारूचे नाव तिला मिळाले. गरिबीतून निघालेली ही युक्ती उपचार म्हणून पेटीपेक्षा कमी नाही, हे पुढे सिद्ध झाले. त्यापुढचे पाऊल २०२१ साली पडले. भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांत एक ते १.८ किलो वजनाच्या सुमारे ३,२०० बाळांवर चाचणी घेण्यात आली. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच मातेच्या छातीशी देण्यात आले, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी मातेची खाट नवजात कक्षातच मांडावी लागली व तिची तपासणी करणारे डॉक्टर तेथेच येऊ लागले. दिल्लीच्या सफदरजंग इस्पितळात हे प्रत्यक्ष करून दाखविण्यात आले. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली हीच पद्धत शिफारशीत समाविष्ट केली. आई व बाळ दोघेही आजारी असतील तर दोघांना एकाच छपराखाली ठेवणे ही केवळ दयेची गोष्ट नसून तो उपचार आहे, हे यावरून मान्य झाले.

मातेची प्रकृती फारच बिघडलेली असेल तर हे काम पित्याने, आजीने किंवा मावशीने करावे. कोकण-गोव्यातील पुरुष सुयेराच्या दिवसांत बाळंतिणीच्या खोलीत सहसा पाऊल ठेवत नसत. आता बापाने सदरा काढून मुलाला छातीशी घेणे हे काहींना चमत्कारिक वाटेल. मुलाला मात्र उबेशी काम असते.

भेटीचा दुसरा भाग बातमीचा आहे. बाळाची प्रकृती चिंताजनक असली तर ते आईपासून लपविण्याचा आपला स्वभाव आहे. 'बाळ मजेत आहे, तू काळजी करू नको' असे सांगितले जाते. आई खुळी नसते. तिला लोकांच्या चेहऱ्यावरून सारे उमगते, आणि एकदा खोटे उघडकीस आले की पुढचे खरेही तिला खरे वाटत नाही. बाळाचे वजन, श्वास, दूध यांविषयी रोज ठराविक वेळी एकाच जबाबदार माणसाने तिला खरे ते सांगावे. भ्रमणध्वनीवर बाळाचे छायाचित्र दाखविता येते; बाळाजवळ ठेवलेले फडके आईला आणि आईजवळचे बाळाला देता येते. या लहानसहान गोष्टींनी दूधही वाढते, असा परिचारिकांचा अनुभव आहे.

याउलट काही स्त्रिया बाळाला पाहण्याच्या ओढीने स्वतःचे दुखणे दडवितात. ताप आहे असे सांगितले तर बाळाच्या कक्षात सोडणार नाहीत, या भीतीने पाचव्या दिवशी टाके दुखत असतानाही पेडण्याहून बसने बांबोळीला जाणारी आई आढळते. तिला रागे भरून उपयोग नाही. बाळाच्या कक्षातील परिचारिकेने दारात हात धुण्यास सांगताना 'तुमचे स्वतःचे कसे आहे?' एवढे विचारले आणि तेथेच रक्तदाब पाहण्याची सोय असली, तर पुष्कळ दुखणी वेळेवर पकडली जातील. बाळाच्या कागदांवर मातेची नोंद असावी व मातेच्या कागदांवर बाळाची.

मनाच्या दुखण्याचाही येथे विचार केला पाहिजे. अशा मातेला रडू येणे, झोप न लागणे स्वाभाविक आहे. परंतु दोन आठवड्यांनंतरही खिन्नता टिकून राहिली, बाळाविषयी काहीच वाटेनासे झाले, जीव द्यावासा वाटू लागला, किंवा भलतेसलते दिसू-ऐकू येऊ लागले, तर तो आजार आहे. त्याला औषध आहे. भलतेसलते दिसू-ऐकू लागल्यास किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार बोलून दाखविल्यास एक दिवसही दवडू नये. केंद्र शासनाने २०२२ साली १४४१६ या क्रमांकावर मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे.

आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी झालेला मुलगा दहा दिवसच जगला. वेळीच योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर तो वाचला असता, असे त्यांना वाटत राहिले आणि त्या शल्यातूनच त्या १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचाच. प्रत्येक दुःखी मातेला असा मार्ग सापडत नाही. बहुतेकींचे दुःख घरातच राहते.

शासकीय सवलती आणि स्थानिक जबाबदारी

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ साली सुरू झाला. त्यानुसार सरकारी इस्पितळात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, रक्त, आहार आणि ने-आण विनामूल्य आहे. आजारी अर्भकासही एक वर्षापर्यंत त्याचा लाभ मिळतो. नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी एक तरतूद मात्र फारशी कोणाच्या लक्षात नसते. गर्भारपण, प्रसूती किंवा अकाली जन्म यांतून उद्भवलेल्या आजारासाठी मातृत्व रजेखेरीज एक महिन्यापर्यंत सवेतन जादा रजा देण्याची तरतूद १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात होती व ती २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ठेवण्यात आली आहे. कार्यालयप्रमुखांनी ही बाब आपण होऊन संबंधित स्त्रीच्या निदर्शनास आणावी. पेटीतील मुलाच्या आईने नियम शोधत बसावे, ही अपेक्षा योग्य नव्हे.

गावपातळीवर उपकेंद्रातील परिचारिका, अंगणवाडी सेविका आणि सीमेपलीकडे आशा कार्यकर्ती यांच्या घरभेटी ठरलेल्या असतात. मूल अद्याप इस्पितळात असेल तर घरी जाऊन करायचे काय, असे समजून ही भेट टाळू नये. त्या घरात एक रुग्ण आहेच. पेडण्यातील पुष्कळ मुली सावंतवाडी-दोडामार्गकडे दिलेल्या व तिकडच्या इकडे आलेल्या. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली स्त्री कोणत्याच नोंदवहीत नसते, हा नेहमीचा घोटाळा आहे. पंचायत सदस्य, शिक्षक यांनी अशी स्त्री आपल्या वाड्यावर आली असल्यास परिचारिकेस कळवावे. मोठी मुले शाळेत असतील तर घरात काय चालले आहे याचा सुगावा शिक्षकाला सर्वांआधी लागतो.

पोटातले बाळ पोटातच न्यावे

ताटातूट टाळण्याचा सर्वांत चांगला उपाय ती होण्यापूर्वीच योजावयाचा असतो. अकाली जन्मणाऱ्या मुलासाठी आईच्या उदराइतके सुरक्षित वाहन नाही. रक्तदाब चढला आहे, पाणी गेले आहे, कळा लवकर सुरू झाल्या आहेत असे दिसताच स्त्रीला नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या इस्पितळात प्रसूतीपूर्वीच हलविले, तर बाळ व बाळंतीण एकाच ठिकाणी राहतात. शिवाय बाळाची फुप्फुसे परिपक्व करणारी इंजेक्शने मातेला आधीच देता येतात. न्यूझीलंडच्या डॉ. लिगिन्स व डॉ. होवी यांनी १९७२ साली या उपचाराचा शोध जाहीर केला. त्याचा पहिला धागा लिगिन्स यांना मेंढ्यांवरील प्रयोगांत सापडला होता. 'दुखू लागले की जाऊ' ही वृत्ती अशा वेळी महागात पडते.

या क्षेत्रात गोव्याचेही एक नाव जगभर घेतले जाते. फोंडा तालुक्यातील शिरोडा गावी १८९९ साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी गर्भाशयाचे तोंड अकाली उघडून वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रियांसाठी १९५५ साली एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. मांडीच्या स्नायूवरील चिवट आवरणाची पट्टी काढून ते तिने गर्भाशयाचे तोंड बांधून घेत. 'शिरोडकर टाका' म्हणून ती प्रसूतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. शासनाने त्यांना पद्मभूषण व पुढे पद्मविभूषण देऊन गौरविले. सर्वच अकाली प्रसूती या टाक्याने टळत नाहीत. ज्या स्त्रीला पूर्वी चौथ्या-पाचव्या महिन्यात कळा न येताच गर्भ गेला असेल, तिने पुढच्या खेपेस ही गोष्ट पहिल्याच तपासणीत सांगावी.

त्याचप्रमाणे, ज्या स्त्रीला रक्तदाबामुळे लवकर बाळंत व्हावे लागले तिच्यासाठी बाळ घरी आले म्हणून प्रकरण संपत नाही. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात, मग सहा आठवड्यांनी आणि त्यानंतर दरवर्षी तिचा रक्तदाब पाहिला जावा, कारण पुढील आयुष्यात तिला हृदयविकाराचा धोका अधिक असतो. बाळाच्या डोळ्यांची तपासणी पहिल्या महिन्यातच करून घ्यावी लागते. त्याच फेरीत आईचीही तपासणी उरकता येते. पुढच्या गर्भारपणी बाराव्या आठवड्यापासून डॉक्टर तिला अल्प मात्रेत ॲस्पिरिन देऊ शकतात. त्यासाठी मागच्या इस्पितळाचे कागद जपून ठेवलेले असावेत, आणि ते सासरी राहिले की माहेरी, हे घरातल्या दोन माणसांना तरी ठाऊक असावे.